गुडघ्यातला स्पोक

आरतीची माणसं अंगणात येऊन चपला काढायला लागली तरी माझा स्पोक भोकात शिरत नव्हता. मी मखरामागं, टेबलाखाली, पोटावर आडवा पडलेला. एका हातात पकड, दुसऱ्या हातात बॅटरी. आमची ही पडदा उचलून वाकली आणि म्हणाली, "अवो, मानसं आली. आता तरी भायेर या."

"दोन मिनिटं."

"सकाळपास्नं दोनच मिनिटं चालल्यात तुमची. गणपतीला तरी तोंड दावा."

स्पोक सायकलचाच, बोटभर कापलेला. तो मला एका लाकडी बाहुल्याच्या डाव्या गुडघ्यात आडवा मारायचा होता. म्हणजे मांडी आणि नडगी यांच्यामधली बिजागरी जाम होणार आणि तो पाय वाकणार नाही. ताठ पायच करायचा होता तर सरळ एक फळी लावता आली असती, हे मलाही कळतं. पण आधी मी वाकणारा पाय करून बसलो होतो, आणि वाकणाऱ्या पायानं तो बाहुला कुणाही सोम्यागोम्यासारखा चालत होता. मला कुणाहीसारखा नको होता. शेवटी स्पोक शिरला. मी बाहेर आलो, बाहुला वर टेबलावर बसवला, शर्ट झटकला आणि बटण दाबलं.

मी सदू. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत फिटर आहे. पंप, गिअर बॉक्स, कपलिंग, जे जे फिरतं ते माझ्याकडं. एकोणतीस वर्षं झाली. पण नाते गावाजवळच्या आमच्या वाडीत मला कुणी फिटर म्हणून ओळखत नाही, ओळखतात ते गणपतीतल्या हलत्या देखाव्यामुळं. आमच्याकडं घरोघरी गणपती, आणि सगळी वाडी मिळून प्रत्येक घरी आरती करत फिरते. त्यामुळं जे मांडावं ते पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या नजरेखालून जातं. एका वर्षी मी भात कांडणारी बाई केली होती, एका वर्षी घाट चढणारी एसटी. मोटर दरवर्षी तीच, पोलादपूरच्या भंगारवाल्याकडून आणलेली, जुन्या जीपच्या वायपरची. बाकी सगळं सामान सायकलचं आणि शिलाई मशीनचं.

लोक म्हणतात, सदूचे बाहुले काय हलतात. अहो, हलवणं सोपं आहे. कुठलीही वस्तू मोटरला बांधा, हलेल. चारी दिशांना हलेल आणि तासाभरात तुटेल. कसब आहे ते हलू न देण्यात. एक तुकडा दुसऱ्याला जोडला की त्याची मोकळीक गेली, मग दुसरा देईल तेवढंच आणि देईल तिकडंच त्यानं जायचं. बिजागरी वाकू देते, सरकू देत नाही. गजातली कडी सरकू देते, वाकू देत नाही. अशी अडवणूक एकीवर एक घालत गेलं की त्यातून लाकडाची बाई भात कांडायला लागते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती.

यंदाचा देखावा होता कामावर निघालेल्या माणसाचा. बाहुला हातभर उंचीचा, डोक्यावर टोपी. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात पाठीमागं धरलेली काळी छत्री. तो जागच्या जागीच चालायचा, आणि त्याच्या मागं दोन रुळांवर गुंडाळलेलं कापड फिरायचं. कापडावर झाडं रंगवलेली, त्यामुळं वाटायचं तो बांधावरून पुढं चाललाय.

बटण दाबल्यावर उजवा पाय सरळ पुढं आला. मग डावा. आधी कंबर वर उचलली, पाय बाहेरून अर्धा गोल मारून पुढं आला, उजवा खांदा खाली गेला, आणि पाठीमागची छत्री हिसका खाऊन सावरली.

सगळ्यात आधी सोमातात्या बोलले. "आयला, ह्यो तर चांगू."

मग जो हशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पोरंटोरं, म्हातारी माणसं, टाळ हातात घेतलेले बाप्ये, सगळे. एकजण तर उंबऱ्यावर बसलाच. "हुबेहूब रे. सदू, पाय धरतो तुझे." मी दाराला टेकून उभा होतो आणि माझी छाती फुगली होती. त्या हसण्याची मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

चांगू मागं होता. आमच्या घराला सहा पायऱ्या, त्या चढायला त्याला वेळ लागतो, म्हणून आरतीला तो नेहमी शेवटी आत येतो. कुणीतरी ओरडलं, "चांगू, ये रे पुढं. बघ, सदूनं तुला कसा नाचवलाय." माणसांनी वाट करून दिली. चांगू त्या वाटेनं पुढं आला. कंबर उचलत, पाय बाहेरून फिरवत, खांदा टाकत. समोर बाहुला, इकडं तो, दोघांची एकच चाल. माणसं पोट धरून हसली.

चांगू मखरासमोर उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग तोही हसला. "टोपी चुकली रे तुझी," तो म्हणाला. "मी कुठं टोपी घालतो?"

पुन्हा हशा. हसली नाही ती एकटी ठकूबाई, चांगूची बायको. बायकांच्या घोळक्यातून तिचा आवाज आला, "आरती घ्या. अजून चार घरं हायत." आणि कुणाची वाट न बघता तिनं एकटीनंच आरती सुरू केली.

चांगू आणि मी एका वयाचे, नाते गावच्या शाळेत एका बाकावरचे. वाडीत त्याच्याइतकं चालणारं कुणी नव्हतं. माझी कायम शिफ्टची नोकरी, त्यामुळं विसर्जनाला माझा गणपती डोक्यावर घेऊन गांधारी नदीपर्यंत जायचा तो चांगूच. चिखलातून, उतारावरून, पण मूर्ती कधी हलली नाही. पाच वर्षांमागं भाताचा भारा घेऊन येताना तो बांधावरून घसरला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मुंबईला नेऊन आत तार घातली. तेव्हापासून तो गुडघा वाकला नाही.

वर्षभर घरी बसल्यावर त्याला वसाहतीत वॉचमनची नोकरी लागली, एका ठेकेदारामार्फत, माझ्या कंपनीच्या शेजारच्याच गेटवर. घेताना त्यानं सांगितलं होतं, पाय जरासा दुखतो. किती जरासा ते ठेकेदाराच्या माणसांना कधी कळलं नाही, कारण त्यांनी त्याला चालताना बघितलंच नव्हतं. ते कसं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून मी कायमची पहिली पाळी मागून घेतली होती, आणि रोज पहाटे मीच त्याला मोटरसायकलवर मागं बसवून नेत होतो. ताठ पाय बाजूला काढून तो बसायचा आणि मी ट्रकपासून हातभर लांबून गाडी काढायचो. सुपरवायझर यायच्या आत मी त्याला थेट केबिनच्या दाराशी उतरवायचो. दिवसभर तो खुर्चीत. गाडी आली की उठून तिथल्या तिथं दोरी ओढून आडवा दांडा वर करायचा. दुपारी पाळी सुटून सगळे गेले की मी परत दाराशी हजर. चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून हे लपवलं होतं.

आणि तरी मी तो बाहुला केला.

का केला, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. त्याची चेष्टा करायची म्हणून नाही, हे देवाशप्पथ सांगतो. जूनपासून मी त्याची चाल बघत होतो. परत आल्यावर वाडीच्या वळणावर उतरून तो घराकडं जी दहा पावलं टाकायचा, ती बघण्यासाठी मी इंजिन बंद न करता थांबायचो. त्याला वाटायचं मी काळजीनं थांबतोय. मी बघायचो कंबर किती उचलते, खांदा कधी पडतो, पाय फिरायला लागतो त्याच्या आधी की नंतर. घरी येऊन चकतीवरची खुंटी दोन सूत आत घ्यायची की बाहेर, ते ठरवायचो. कंबरेसाठी वेगळी चकती, खांद्यासाठी वेगळी कडी. मला त्यात माणूस दिसतच नव्हता. मला सांधा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सोनाली, ठाण्याला नोकरीला असते, गणपतीला आलेली, मोबाईल घेऊन बाहुल्यापुढं बसली. "पप्पा, काय भन्नाट केलंयत. हे व्हायरल होणार बघा." तिनं त्याचा व्हिडिओ काढला, खाली लिहिलं "आमचा चांगूकाका", आणि टाकून दिला. दुपारपर्यंत तो वाडीतल्या मुंबईकरांच्या ग्रुपवर होता, रात्री कंपनीच्या. शिफ्टमधल्या पोरांचे अंगठे आणि हसरी तोंडं मला येत होती. मी प्रत्येकाला उत्तर दिलं.

आमची ही भाकरी थापता थापता म्हणाली, "तो बावला बंद करा वो. ठकूताईनं काल प्रसाद पन घेतला नाय."

"चांगू स्वतः हसला ना?"

"मग काय करनार व्हता? रडनार व्हता?"

"तुला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी सव्वीस वर्षांच्या संसारात किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली, मी पहिल्या पाळीला निघालो. चांगू नेहमीसारखा वळणावर उभा होता, हातात डबा आणि छत्री. बसला. वाटेत बाहुल्याचं नावही त्यानं काढलं नाही. पाऊस थांबलाय, भात बरं आलंय, असं काहीबाही बोलला. मीही नाव काढलं नाही, पण मला वाटत होतं की त्यानं काढावं. त्यानं म्हणावं, सदू, तुझ्यासारखा कारागीर नाय.

गेटवर सुहास आधीच आलेला. ठेकेदाराचा सुपरवायझर, महाडचा, तिशीचा, सभ्य पोरगा. सणाचे दिवस, निम्मी माणसं सुट्टीवर, म्हणून लवकर आला असणार. केबिनच्या अलीकडं उभा राहून मोबाईल बघत होता. तो वाटेतच होता, म्हणून मला गाडी दाराशी नेता आली नाही, तिथंच थांबवली. चांगू उतरला आणि केबिनकडं चालायला लागला. सुहासनं मान वर केली ती माझ्याकडं.

"सदूकाका, हे तुम्ही केलंय?" मोबाईल माझ्यासमोर धरला. बाहुला चालत होता. "काय जबरदस्त केलंय हो. मला आमच्या साहेबांनी पाठवला. मोटर कुठली?"

"जीपच्या वायपरची."

"आणि हे खाली काय लिहिलंय, चांगूकाका? म्हणजे आपला चांगू?" त्यानं केबिनच्या दिशेनं बघितलं, मग परत मोबाईलकडं, आणि हसला. "तुम्ही जरा वाढवूनच दाखवलंय, काय? देखाव्यात तेवढं चालतं म्हणा. मला तर तो म्हणाला होता, जरासं दुखतं."

बघा, त्या पोरानं मला वाट काढून दिली होती. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. हो साहेब, पोरांना हसवायला केलंय, वाढवूनच केलंय. एवढं म्हटलं असतं तर चांगू आजही त्या खुर्चीत असता.

पण 'वाढवून' हा शब्द मला लागला. महिने घालवले होते मी.

"वाढवून?" मी म्हणालो. "अजिबात नाही. एक सूत इकडचं तिकडं नाही, साहेब. जूनपासून बघून बघून केलंय. त्याचा गुडघा वाकतच नाही, म्हणून तर मला बाहुल्याच्या गुडघ्यात स्पोक मारावा लागला. कंबर बघा कशी उचलते. ती वेगळ्या चकतीवर आहे."

सुहासचं हसू थांबलं. त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग मला म्हणाला, "या काका, चहा घ्या," आणि टपरीवरून चहा मागवला. तो मला विचारत राहिला, आमच्या सेफ्टी वीकला असं काही करून द्याल का, आणि मी सांगत राहिलो, खुंटी कुठं, कडी कुठं. दहा पावलांवर चांगू केबिनच्या दारात उभा होता. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. चांगला होता चहा.

तीन वाजता पाळी सुटली. मी गाडी घेऊन शेजारच्या गेटवर गेलो, तर केबिनमध्ये दुसराच माणूस. म्हणाला, चांगूला अकरालाच घरी पाठवलं, तो वडापच्या रिक्षानं गेला. फिटनेसचा दाखला आणला तरच घेणार आहेत.

मी घरी गेलोच नाही, सरळ त्याच्या दारात गाडी उभी केली. चांगू ओटीवर बसून वॉचमनची वर्दी घडी करत होता. शर्टाची बटणं एकेक लावून, बाह्या मागं घेऊन, दुकानात ठेवतात तशी. शेजारी बूट, पुसून ठेवलेले.

"ये," तो म्हणाला. "बस. ठकू, सदूला चा टाक गो."

"चहा नको," मी घाईनं म्हणालो. "काय झालं?"

"काय नाय. दाखला मागितलाय. सायेब बोलला, गेटावर काय झालं तर मानसाला पळता आलं पायजेल. बरोबर हाय त्याचं."

"मग देईल की कुणीतरी डॉक्टर."

"कोन देईल रे? आत तार हाय. फोटो काढला की दिसतेय." त्यानं पँटची घडी शर्टावर ठेवली. "वर्दी परत द्यावी लागंल. तू उद्या जाशील तवा नेशील काय?"

मी मान डोलावली.  शेवटी म्हणालो, "माझ्या त्या बाहुल्यानं सगळा घोटाळा केला."

"बावल्याचं काय? खोटं तर नाय ना दावलंस." तो ओटीच्या कडेला हात टेकून जरा सरकला. "खरं सांगू सदू? मला वाटायचं कोनाला दिसत नाय. जरासा लंगडतो, येवढंच. आपन आपल्याला चालताना कुठं बगतो रे? परवा बगितला. म्हटलं, आयला, मी असा चालतो. पाच वरसं सगली बगत व्हती आनि कोन बोललं नाय." बुटांची जोडी सरळ करत म्हणाला, "ठकू पन नाय बोलली."

आत चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला होता.

हीच वेळ होती. गेटवर सुहासनं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते तिथंच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून काय निघालं ऐका. मी म्हणालो, "सुहासच्या मोबाईलवर तो व्हिडिओ कुणी पाठवला, काय कळत नाही. या मोबाईलनं वाट लावली बघ."

चांगूनं माझ्याकडं बघितलं. घटकाभर बघितलं. मग वर्दीवरून हात फिरवत म्हणाला, "व्हय रे. मोबाईलच वाईट."

घरी आलो, मखरामागं शिरलो आणि तो स्पोक पकडीनं ओढून काढला. नुसता काढून भागत नव्हतं. गुडघा मोकळा झाल्यावर कंबरेची उचल जास्त व्हायला लागली, म्हणून ती चकती बदलली. पाय बाहेरून फिरवणारी कडी काढून टाकली. टोपीही काढली. संध्याकाळच्या आरतीला बाहुला सरळ चालत होता, गुडघा वाकवून, एका लयीत. माणसांनी बघितलं.

"हे काय रे सदू?" सोमातात्या म्हणाले. "मजा गेली की."

चांगू त्या दिवशी आरतीला आला नाही. ठकूबाईही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्दीची पिशवी घेऊन मी सुहासकडं गेलो. मनाशी पाठ करून गेलो होतो. म्हणालो, "साहेब, मी काल जरा वाढवून बोललो. चांगूचा पाय तितका काही वाईट नाही."

सुहासनं मला बसायला खुर्ची दिली. "काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, एक सूत इकडचं तिकडं नाही? तुम्ही एकोणतीस वर्षांचे फिटर. मी तुमचं ऐकलं म्हणून वर कळवलं, नुसत्या व्हिडिओवर कोण कळवतं?" पिशवी उघडून त्यानं वर्दी बघितली, बूट बघितले, आणि कागदावर माझी सही घेतली. चांगूच्या वर्दीच्या कागदावर माझी सही. त्या खुर्चीतून उठताना मला कुणी बघू नये असं वाटत होतं, आणि तिथं तर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

पाचवा दिवस विसर्जनाचा. मी रजा टाकली होती. दुपारी आमची ही आणि सोनाली पाणवठ्यावर गेलेल्या, मी एकटाच मखरापुढं बसलो होतो. देखावा बंद होता. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर ठकूबाई. हातात फडक्यानं झाकलेली ताटली.

"भावजी, पातोळे हायत. गणपतीला दावा." ताटली तिनं माझ्या हातात दिली. फडक्याखालून हळदीच्या पानांचा वास आला. मला वाटलं ती लगेच जाईल. ती गेली नाही, मखराकडं बघत राहिली.

"मानूस सरळ चालतो म्हनं आता."

"हो वैनी. दुरुस्त केला."

"लावा बगू."

मी बटण दाबलं. ठकूबाई समोर जमिनीवर बसली, पदर सावरून, एखाद्या पूजेला बसावं तशी. बाहुला चालायला लागला. डोकं जरा उजवीकडं कललेलं, छत्री पाठीमागं आडवी, पिशवी मांडीला लागणार नाही अशी जरा दूर धरलेली. पाय तेवढा बदलला होता मी. बाकीचं जे जूनपासून बघून केलं होतं, ते तसंच राहिलं होतं. म्हणजे तो चांगूच होता, पण पाच वर्षांमागचा. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, तिच्या तोंडाकडं बघून.

"असेच जायचे," ती म्हणाली. "लगीन झालं तवा. मी मागं पडायची, तर हे म्होरं जाऊन थांबायचे आनि हसायचे."

मला ते सोसेना. मी म्हणालो, "वैनी, सुहासला मीच सांगितलं. व्हिडिओवर तो विश्वास ठेवत नव्हता. मीच म्हणालो, गुडघा वाकत नाही."

तिनं मान वळवली नाही. "ठाव हाय."

"कसं?"

"दारातच तर हुबे व्हते हे. समदं आयकलं."

माझ्या हातात अजून ताटली होती. ती मी खाली ठेवली. "मग मी घरी आलो तेव्हा बोलला का नाही?"

"मी पन तेच इचारलं." आता तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तर बोलले, सदूला कळू देऊ नको मी आयकलं ते. लाज वाटंल त्याला."

अंगणात माणसं जमायला लागली होती. टाळ वाजवून बघत होते, कुणीतरी गुलाल मागत होतं. देखावा आवरायला हवा होता. मी बटणाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," ठकूबाई म्हणाली. "जरा चालू द्या."

मी हात मागं घेतला. पायऱ्यांवर पावलं वाजायला लागली होती, आणि शेवटची पावलं कुणाची ते मला न बघता कळलं. एक पाऊल, मग थोडा वेळ, मग दुसरं.  मी पडदा उचलला आणि टेबलाखाली शिरलो, पोटावर, पहिल्या दिवशी पडलो होतो तसा. डोक्यावर मोटर फिरत होती. पडद्याखालच्या फटीतून मला फक्त जमीन दिसत होती, आणि जमिनीवर आत येणारे पाय. उजवा सरळ पुढं आला. डावा बाहेरून अर्धा गोल मारून आला. असे आठ-दहा वेळा, आणि मग ते पाय ठकूबाईच्या पदराशेजारी येऊन थांबले.

 वर बाहुला चालत होता, रुळावरचं कापड सरकल्याचा आवाज येत होता.

"सदू कुठाय?" चांगूनं विचारलं.

"हायत खाली," ठकूबाई म्हणाली. "काम करतायत."

पकड वर टेबलावर राहिली होती. माझ्या हातात काहीच नव्हतं.